चर्चचा गराज सेल आणि गल्लीतल्या सूचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात राहते, बॉस्टनच्या पश्चिमेला. गावाच्या मधोमध हिरवळ आहे आणि हिरवळीच्या कडेला उंच पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च. दर मे महिन्यात त्या चर्चच्या बेसमेंटमध्ये आणि पार्किंगमध्ये गराज सेल भरतो. २०२० चं वर्ष सोडलं तर गेली नऊ वर्षं मी तिथे स्वयंपाकघराच्या टेबलामागे उभी असते. गावात नवीन मराठी बिऱ्हाड आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, कधी फोनवर, कधी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत. म्हणून एकदाच बसून लिहून काढले. उत्तरं आमच्या भागातली आहेत. दुसऱ्या राज्यात किंवा शेजारच्या गावातही नियम थोडे वेगळे निघतील.

गराज सेल म्हणजे काय? आणि तो चर्चमध्ये कसा?

आधी गॅरेज म्हणजे गाडी दुरुस्तीची जागा, हे डोक्यातून काढा. इथे गराज म्हणजे घराला लागून असलेली गाडीची खोली. त्या खोलीत गाडी सोडून बाकी सगळं साठतं, आणि ते वर्षा-दोन वर्षांनी दारात मांडून विकतात. त्यालाच कुणी यार्ड सेल म्हणतं, कनेक्टिकटकडे टॅग सेल म्हणतात.

चर्चचा सेल म्हणजे हेच, पण शंभर घरांचं एकत्र. लोक नको असलेल्या चांगल्या वस्तू चर्चला देतात, स्वयंसेवक त्या निवडून किमती लावतात, आलेले पैसे चर्चच्या कामाला जातात. जुनी माणसं याला रमेज सेल म्हणतात. पाटीवर तो शब्द दिसला तर गोंधळू नका, प्रकार तोच.

आम्ही हिंदू आहोत. गेलं तर चालेल का? कुणी धर्माबद्दल बोलायला लागलं तर?

बिनधास्त जा. सेलला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक तरी त्या चर्चचे नसतात. दारात कुणी नाव विचारत नाही, प्रार्थना होत नाही. फार तर बाहेर पडताना रविवारच्या उपासनेच्या वेळेचा कागद हातात देतील. तो घ्यायचा, थँक्यू म्हणायचं, संपलं. नऊ वर्षांत मला एकदाच एका बाईंनी विचारलं होतं, ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ मी म्हटलं, ‘देवळात जाते.’ त्यांनी लगेच देवळाच्या कँटीनमध्ये डोसा मिळतो का, ते विचारलं.

आणि आपल्याकडची किती मराठी मंडळं गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांना चर्चचेच हॉल भाड्याने घेतात, ते आठवा. तिथल्या स्वयंपाकघरात आपण शंभर माणसांचा मसालेभात शिजवतो. मग बेसमेंटमध्ये एक टोस्टर घ्यायला जाताना संकोच कसला?

सेल कधी असतो, आणि कळणार कसं?

आमच्याकडे मुख्य हंगाम दोन. एक मे ते जूनचा, म्हणजे बर्फ वितळून गराजची दारं उघडल्यावर. दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. डिसेंबरच्या सुरुवातीला नाताळची जत्रा असते, पण तिथे हस्तकला आणि खाणं जास्त, जुन्या वस्तू कमी. बहुतेक सेल शनिवारीच.

कळण्याचे मार्ग जुनेच आहेत. चर्चसमोरची अक्षरं बदलायची पाटी, लायब्ररीच्या दारातला सूचनाफलक, किराणा दुकानाच्या आतल्या भिंतीवरचा बुचाचा बोर्ड आणि रस्त्याच्या वळणावर जमिनीत खोचलेल्या पाट्या. गावाचे फेसबुक ग्रुप आहेतच. पण खरी बातमी बोर्डावर आधी लागते, कारण सेलची समिती चालवणाऱ्या बायकांचं सरासरी वय सत्तरच्या पुढे आहे.

किती वाजता जावं?

पाटीवर ९ लिहिलं असेल तर ९ ला. सव्वाआठला येऊन काचेतून डोकावणाऱ्यांना इथे ‘अर्ली बर्ड’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. त्यात बरेचसे जुन्या वस्तूंचे व्यापारी असतात. चांदीचे चमचे, जुनी अवजारं, लोखंडी तवे त्यांना हवे असतात. रांग मात्र ८:३० पासून लागते. रांगेत उभं राहायला हरकत नाही.

तुम्हाला ठरावीक मोठी वस्तू हवी असेल, टेबल, सायकल, बुकशेल्फ, तर सकाळीच या. कपडे, पुस्तकं, मुलांची कोडी हवी असतील तर दुपारी १२ नंतर. तेव्हा बहुतेक सेलमध्ये निम्मे भाव होतात. शेवटच्या तासात ‘बॅग सेल’ लागतो. एक कागदी पिशवी देतात, तिच्यात मावेल तेवढं भरा आणि ठरलेली रक्कम द्या. आमच्याकडे ५ डॉलर. पिशवी भरायची कला असते. स्वेटर गुंडाळी करून उभे लावा, मध्ये पुस्तकं सरकवा, चपला सगळ्यात वर. माझ्या एका मैत्रिणीने मुलाच्या दोन हिवाळ्यांचे कपडे एका पिशवीत बसवले होते. पिशवी फाटली, तेव्हा कॅशवरच्या आजींनी स्वतः दोरी आणून दिली.

पैसे कसे द्यायचे?

रोख न्या, आणि सुटे न्या. १ आणि ५ च्या नोटा, क्वार्टर म्हणजे २५ सेंटची नाणी. सकाळी ९:०५ ला पन्नास सेंटच्या पुस्तकासाठी २० ची नोट पुढे करणारा माणूस कुणालाच आवडत नाही. अलीकडे वेन्मोचा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपचा, क्यूआर कोड लावलेला असतो, पण बेसमेंटमध्ये फोनला रेंज नसते. आमची तिजोरी म्हणजे बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा.

घासाघीस चालते का?

घरगुती गराज सेलमध्ये चालते, अपेक्षितही असते. चर्चच्या सेलमध्ये थोडी जपून. २ डॉलरच्या पातेल्याला ‘१ ला देता का?’ म्हणणं शोभत नाही, कारण ते पैसे कुणाच्या खिशात जाणार नसतात. पण ४० डॉलरचं कपाट असेल, त्याचा एक खण अडकत असेल, तर तो खण ओढून दाखवा आणि सरळ विचारा. चार-पाच वस्तू एकत्र घेऊन ‘सगळ्यांचे मिळून किती?’ म्हणणं सगळ्यात सोपं. कॅशवरची माणसं स्वतःहूनच खालचा आकडा सांगतात.

एक मात्र करू नका. एका टेबलावरचं लेबल काढून दुसऱ्या वस्तूला लावणं. हसू नका, होतं हे. आणि आम्हाला ते कळतं, कारण प्रत्येक टेबलाची चिकटपट्टी वेगळ्या रंगाची असते.

‘व्हाइट एलिफंट’ असं लिहिलेलं टेबल कसलं?

किडुकमिडुक. फुलदाण्या, चिनीमातीची कुत्री, मेणबत्तीची घरं, कुणाच्या तरी लग्नातल्या भेटी. आपण ‘पांढरा हत्ती पोसणं’ म्हणतो तोच हत्ती. माझी मुलगी चार वर्षांची असताना त्या टेबलाखाली वाकून हत्ती शोधत होती. शेवटी एका स्वयंसेवक आजोबांनी खरंच एक पोर्सिलेनचा हत्ती शोधून दिला. सोंड तुटलेली होती, म्हणून फुकट.

काय घेण्यासारखं असतं?

माझं टेबल स्वयंपाकघराचं, म्हणून तिथलंच आधी सांगते. बिडाचे तवे. इथे त्यांना कास्ट आयर्न स्किलेट म्हणतात. गंज चढलेला बघून लोक पुढे जातात, आणि आपल्या बायका मात्र बरोबर तोच उचलतात. तारेच्या घासणीने घासा, धुवून लगेच गॅसवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, ओव्हनमध्ये तासभर तापवा. असं दोन-तीनदा केलं की त्यावर घावन सुटायला लागतं. नवीन तव्याच्या पाव किमतीत आयुष्यभराचा तवा. मात्र खाली ठेवून डुगडुगतो का ते बघा. तळ वाकलेला असेल तर काचेच्या शेगडीवर तो नीट बसत नाही.

कोरेलच्या प्लेट, काचेची बेकिंगची भांडी, स्टीलचे मोठे डबे, स्लो कुकर हे चांगलं निघतं. विजेची वस्तू असेल तर भिंतीतलं प्लग दाखवायला सांगा आणि चालवून बघा. प्रत्येक टेबलाजवळ एक एक्स्टेन्शन बोर्ड असतो, तो शोभेला नाही.

लहान मुलांची पुस्तकं डोळे मिटून घ्या. हिवाळी जॅकेट, बर्फाचे बूट, बर्फावरून घसरायची स्लेडही घ्या, मुलं एका मोसमात मोठी होतात. फर्निचरमध्ये भरीव लाकूड ओळखायचं असेल तर खण उलटा करून खालची बाजू बघा. भुसा दाबून केलेली फळी लगेच कळते.

आणि काय अजिबात घेऊ नये?

मुलांच्या बाबतीत कडक राहा. एक बाजू खाली सरकणारे पाळणे, म्हणजे ड्रॉप-साइड क्रिब, २८ जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, जुने असले तरी. बाळाला तिरकं झोपवायचे स्लीपर आणि क्रिबच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत गाद्या यांवर नोव्हेंबर २०२२ पासून बंदी आहे. आम्ही त्या घेतही नाही. पण घरगुती सेलमध्ये कुणाला माहीत नसतं, आणि ‘आमची तिन्ही मुलं यातच झोपली’ असं प्रेमाने सांगतात. प्रेम खरं असेल, वस्तू धोक्याची आहे.

गाडीतली मुलांची सीट वापरलेली घेऊ नका. तिला मुदत असते, तळाशी छापलेली. आणि ती अपघातातून गेली आहे का, हे बघून कळत नाही. सायकलच्या हेल्मेटचंही तेच. बाकी कुठल्याही मुलांच्या वस्तूचा मॉडेल नंबर ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या, संकेतस्थळावर टाकून परत मागवलेल्या मालाच्या यादीत आहे का ते फोनवर बघता येतं. १९७८ च्या आधीचं रंगवलेलं खेळणं किंवा खुर्ची मुलांसाठी नको, रंगात शिसं असू शकतं.

मोठ्यांसाठी इतकंच की गादी आणि कापडी सोफा नको.

दुसऱ्याचे वापरलेले कपडे घालायचे? मनाला कसंतरी होतं.

होतं, मलाही झालं होतं. आपण जुने कपडे बोहारणीला देत आलो, त्याबदल्यात स्टीलचं पातेलं घेत आलो. ते कपडे पुढे कोण घालतं, हा विचार कधी केला नाही. इथे आपण त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे असतो, म्हणून ते ‘कसंतरी’. माझा पहिला हिवाळी कोट सेलमधलाच, ८ डॉलरचा, आतल्या खिशात कुणाची तरी १९९८ ची सिनेमाची तिकिटं. अजून आहे तो कोट.

व्यवहाराचं सांगायचं तर घरी आणल्यावर पिशवी दाराबाहेरच उघडा. जे कपडे सोसतील ते सरळ ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर अर्धा तास फिरवा, मग धुवा. ढेकूण आणि त्यांची अंडी उष्णतेने मरतात, नुसत्या धुण्याचा भरवसा नाही. लाकडी वस्तूंच्या सांध्यांत टॉर्च मारून काळे ठिपके बघा.

इथला मिक्सर किंवा स्लो कुकर भारतात न्यावा का?

नको. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. नुसता पिनचा अडॅप्टर लावून चालवलात तर पाच मिनिटांत धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवायचं तर तो वस्तूपेक्षा महाग आणि जड.

आम्हाला वस्तू द्यायच्या आहेत. काय द्यावं?

माझी कसोटी सोपी आहे. वस्तू पिशवीत घालून दारात ठेवून पळून जावंसं वाटतंय, की समोर उभं राहून हातात द्यावीशी वाटतेय? पहिलं असेल तर देऊ नका.

हे कडक वाटेल, पण सेलआधीच्या आठवड्यात आम्ही जे उपसतो ते बघितलंत तर पटेल. शिटी नसलेले कुकर, एकाच पायाचे बूट, अर्ध्या भरलेल्या मसाल्याच्या बाटल्या, विश्वकोशाचे चोवीसपैकी एकोणीस खंड. टाकायला चर्चला पैसे पडतात. आमच्या राज्यात तर गादी आणि कापड कचऱ्यात टाकायलाच १ नोव्हेंबर २०२२ पासून बंदी आहे. जुन्या काचेच्या डब्याच्या टीव्हीवर २००० सालापासून. ही बंदी आली तशी काही माणसांनी चर्चचा दरवाजा हाच कचऱ्याचा डबा केला.

फाटके कपडे, विटलेल्या चादरी, एकटे मोजे यांच्यासाठी गावात कापड पुनर्वापराच्या पेट्या असतात. कोरडे आणि स्वच्छ असतील तर तिथे चालतात, त्यांचं पुढे पुसणी आणि भरणीचं कापड होतं. गावाच्या ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे कचरा नेऊन टाकायच्या जागी, काही ठिकाणी ‘ठेवा किंवा न्या’ असा कोपराही असतो, वेलस्लीचा तर प्रसिद्ध आहे.

चर्चला देताना कपडे धुतलेले, बटणं असलेली. खेळण्यांचे सगळे तुकडे झिपच्या पिशवीत. कोडं असेल तर ‘सगळे तुकडे आहेत’ किंवा ‘एक नाही’ असं खरं लिहा. विजेच्या वस्तूला ‘चालते’ अशी चिठ्ठी. आणि पाटीवर लिहिलेल्या दिवशी, लिहिलेल्या वेळेतच आणा. रात्री ठेवलेली खोकी सकाळी पावसात भिजलेली मिळतात.

आपल्याकडच्या वस्तू दिल्या तर विकल्या जातात का?

काही फार छान, काही गमतीशीर. पितळेची समई मेणबत्तीचा स्टँड म्हणून अर्ध्या तासात गेली. एका बाईंनी पोळपाट-लाटणं दिलं होतं. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात कुणीतरी त्यावर ‘चीज बोर्ड, रोलिंग पिनसह, ३ डॉलर’ अशी चिठ्ठी लावली. घेणाऱ्या आजोबांना मी त्याचा खरा उपयोग सांगितला. ते म्हणाले, चीजच ठेवणार, पण गोष्ट सांगेन पाहुण्यांना. सुती साड्या रजई शिवणाऱ्या बायका नेतात, जरीच्या साड्या हायस्कूलच्या नाटकवाल्यांनी नेल्या.

विळी मात्र पंचाईत करते. मी सासूबाईंची जुनी विळी दिली होती. टेबलावर ठेवल्यावर कुणालाच कळेना की हे बसून वापरायचं, पाय ठेवून. समितीच्या अध्यक्षबाईंनी पात्याला पुठ्ठा बांधला आणि ती बागेच्या अवजारांत नेऊन ठेवली.

देवाच्या मूर्ती आणि तसबिरी देऊ नका, असं माझं मत. देणाऱ्याला कळत नाही, पण त्या व्हाइट एलिफंटमध्ये चिनीमातीच्या कुत्र्याशेजारी जातात. तिथे ४ डॉलरचा गणपती बघून मला राहवलं नाही, मी घेऊन आले. असे माझ्याकडे आता तीन झाले.

देणगीची पावती मिळते का? टॅक्समध्ये उपयोग?

मागितलीत तर मिळते. पावतीवर वस्तूंचं वर्णन आणि तारीख असेल, किंमत नसेल. ती चर्च लिहीत नाही, बाजारभावाने तुम्हीच ठरवायची. कपडे आणि घरगुती वस्तू चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असायला हव्यात, तशी आयकर खात्याची अट आहे. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्तीचं देणं असेल तर लेखी पावती हवीच. वर्षभरात वस्तूरूपाने ५०० डॉलरच्या वर वजावट घ्यायची तर फॉर्म ८२८३ भरावा लागतो. हे सगळं तुम्ही वजावटी एकेक मांडत (आयटमाइझ करत) असाल तरच. ठोक वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेणाऱ्यांना वस्तूंच्या पावतीचा फायदा नाही. आणि सेलमध्ये केलेली खरेदी म्हणजे देणगी नव्हे, हेही एकाने विचारलं होतं.

पैसे जातात कुठे?

विचारा, सांगतात. बहुतेक ठिकाणी दारातच लिहिलेलं असतं. आमच्याकडे थोडे छपराला, थोडे गावातल्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजू घरांना किराणा देणाऱ्या कोठाराला.

या भागात जुन्या वस्तू आणि चर्च यांचं नातं जुनं आहे. गुडविल नावाची दुकानं तुम्ही बघितली असतील. ती १९०२ मध्ये बॉस्टनच्या साउथ एंडमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाद्र्याने सुरू केली. श्रीमंत वस्त्यांतून पोती भरून जुने कपडे आणायचे आणि बेकार माणसांना ते दुरुस्त करण्याचं काम द्यायचं, अशी ती कल्पना.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. पांढऱ्या मनोऱ्याची ही चर्चं पुष्कळशी काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाची. याच पंथाच्या लोकांनी १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनचं मंडळ काढलं. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमच्या चर्चमध्ये दीक्षा घेतलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या वर्षी मुंबईला पोचले. तेच पुढे अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक निघालं ते त्यांचंच. इथल्या लहान लहान गावांतल्या चर्चमध्ये जमलेल्या वर्गणीवर हे चाललं. हे मी आमच्या पाद्रीणबाईंना सांगितलं, तर त्यांनाच माहीत नव्हतं.

एच-४ वर, म्हणजे नोकरीवर आलेल्या नवऱ्याच्या व्हिसावर, आहे. मदतीला आले तर चालेल का?

जे काम बाकी सगळेही फुकटच करतात ते तुम्ही फुकट केलंत तर अडचण येत नाही. मोबदला मात्र कुठल्याच रूपात घेऊ नका, ‘दिवसभर राबलात, हा मायक्रोवेव्ह न्या’ असाही नाही. मनात शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मला नको.

मदतीला या मात्र. गुरुवारी संध्याकाळी वस्तू निवडायला चार तास बसलात की गावातल्या वीस माणसांची ओळख होते. माझी पहिली सहा महिने शेजारणीशी ओळख नव्हती, एका डब्यातले चमचे जोडी लावताना झाली.

खाण्याच्या टेबलासाठी काही करून दिलं तर?

नक्की. फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ नकोत, घटकांची चिठ्ठी हवी, आणि काजू-बदाम-शेंगदाणे असतील तर ठळक अक्षरांत. माझे शंकरपाळे ‘डायमंड कुकीज’ नावाने १०:३० च्या आत संपतात. चकली एकदा नेली होती. लोकांना ती गोड असेल असं वाटलं, पहिल्या घासाला चेहरे बघण्यासारखे झाले, पण दुसऱ्यांदा परत आले.

चर्चच्या किंवा लायब्ररीच्या बोर्डावर आपली सूचना लावता येते का?

येते, पण आत जाऊन विचारून. बहुतेक ठिकाणी ऑफिसमधली बाई कागदावर तारीख टाकते आणि महिन्याभराने काढते. गाण्याचा क्लास, मुलं सांभाळणं, हरवलेलं मांजर, भाड्याने खोली, सगळं चालतं. राजकीय प्रचार बहुधा चालत नाही.

लिहिताना कमी लिहा. वरती मोठ्या अक्षरात काय आहे, मग वार आणि तारीख दोन्ही, वेळ, जागा. ‘येत्या शनिवारी’ लिहू नका, कागद तीन आठवडे तिथेच असतो. घराचा पूर्ण पत्ता टाकू नका. खाली फाडून न्यायच्या फोन नंबरच्या झालरी अजूनही चालतात. एक झालर आधीच स्वतः फाडून ठेवा, म्हणजे बाकीच्या जातात. ही युक्ती मला लायब्ररीतल्या बाईंनी शिकवली.

पाट्या विजेच्या खांबावर ठोकल्या तर?

नका ठोकू. बहुतेक गावांत मनाई आहे, आणि खिळ्यांमुळे खांबावर चढणाऱ्या कामगाराला इजा होऊ शकते. जमिनीत खोचायची तारेची पाटी वापरा, ज्याच्या अंगणात खोचाल त्याला विचारा, आणि सेल संपल्यावर त्याच दिवशी काढा. जूनमध्ये एप्रिलच्या पाट्या दिसल्या की गावात त्या घराचं नाव निघतं.

मग शेजारच्या पोस्टाच्या पेट्यांत कागद टाकले तर?

हे तर मुळीच नको. तिकीट न लावलेला कागद कुणाच्या मेलबॉक्समध्ये टाकणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पेटी त्यांच्या पैशाची, त्यांच्या अंगणातली, तरी तिच्यावर हक्क पोस्टाचा. दाराच्या मुठीला अडकवा किंवा पायपुसण्याखाली सरकवा. आमच्या एका उत्साही मित्राने दिवाळीची साठ आमंत्रणं पेट्यांत टाकली होती. पोस्टमनने ती सगळी गोळा करून रबर लावून त्याच्याच दारात आणून दिली आणि हसत समज दिली. पण दिवाळीला पोस्टमन आला, हेही सांगायला हवं.

बोर्डावरच्या काही सूचना कळतच नाहीत.

नेहमीच्या चार-पाच सांगते.

‘हायड्रंट फ्लशिंग’: अग्निशामक नळ खोलून पाण्याच्या मुख्य वाहिन्या धुतात, वसंतात किंवा शरदात. त्या दिवशी नळाला गंजासारखं लालसर पाणी येतं. पांढरे कपडे धुवायला टाकू नका. मी पहिल्या वर्षी ही सूचना वाचलीच नाही, नवऱ्याचे दोन लखनवी कुर्ते कायमचे चहाच्या रंगाचे झाले. थंड पाणी साफ येईपर्यंत सोडून ठेवायचं.

‘विंटर पार्किंग बॅन’: हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी ठेवायची नाही, बर्फ काढणाऱ्या गाड्यांना वाट हवी. महिने आणि तास गावागणिक वेगळे. भारतातून आईवडील आले आणि भाड्याची जादा गाडी असली की हे हमखास विसरतं.

‘बॉटल ड्राइव्ह’: स्काउटची मुलं रिकामे कॅन आणि बाटल्या गोळा करतात. आमच्या राज्यात सोड्याच्या, बिअरच्या प्रत्येक कॅनमागे ५ सेंट अनामत परत मिळते, ती मुलांच्या सहलीला.

‘पॉटलक’: प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि चार जणांना पुरेल एवढंच न्यायचं नाही.

‘एए, मंगळवार ७:३०, बेसमेंट’: दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा. ‘ओपन’ लिहिलं असेल तर कुणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ असेल तर फक्त ज्यांना गरज आहे ते. आपल्या माणसांपैकीही कुणाला गरज असते. ती सूचना बोर्डावर आहे एवढं लक्षात ठेवा, आणि त्या वेळी पार्किंगमध्ये कुणाची गाडी दिसली तर ती गोष्ट तिथेच ठेवा.

स्वतःच्या ड्राइव्हवेत सेल लावायचा आहे.

आधी टाउन क्लार्कच्या, म्हणजे गावच्या नोंदी ठेवणाऱ्या, ऑफिसला फोन करा. काही गावांत परवाना लागतो, काहींत वर्षातून किती वेळा याची मर्यादा असते. काँडो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, असेल तर असोसिएशनचे नियम वेगळे. स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेतल्या त्यापेक्षा कमी किमतीला विकल्या तर त्यावर कर नाही. पण विकण्यासाठीच माल आणून दर आठवड्याला मांडलात तर तो धंदा झाला, मग कर, परवाना, व्हिसा सगळेच प्रश्न उभे राहतात.

आणि शक्यतो शेजारच्या दोन-तीन घरांसोबत एकाच दिवशी लावा. एका टेबलासाठी कुणी गाडी थांबवत नाही.

घेतलेली वस्तू परत करता येते का?

नाही.

उरलेल्या वस्तूंचं काय होतं?

शनिवारी ३ वाजता धर्मादाय दुकानाचा ट्रक येतो, पुस्तकं लायब्ररीच्या सेलला जातात, आणि जे कुणालाच नको ते आम्ही कुरकुरत ट्रान्सफर स्टेशनला नेतो.

दिलेली वस्तू परत हवीशी वाटली तर?

शुक्रवार रात्रीपर्यंत मागितलीत तर कुणी नाही म्हणणार नाही. शनिवारी सकाळी चिठ्ठी लागली की मग विकतच. सासूबाईंना फोनवर सहज सांगितलं की तुमची विळी दिली, तर पलीकडे नुसती शांतता. दुसऱ्या दिवशी ८:३० ला मी माझ्याच सेलच्या रांगेत उभी होते. बागेच्या अवजारांत, कुदळीशेजारी, पुठ्ठ्यासकट मिळाली. ३ डॉलर. घासाघीस केली नाही.